गीझरवर आलेला आळ

विरूपाक्ष स्वामींना नरसिंगनं पाठीवर घेऊन जिना चढवला, तेव्हा अख्खी गल्ली ओट्यावर येऊन बसली होती. कुणाला काम नव्हतं असं नाही. पण नांदेडहून आलेली जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली, तिच्यातून आधी वॉकर उतरला, मग दोन उशा उतरल्या, मग स्वामींच्या पत्नी शिवकांताबाई उतरल्या आणि सगळ्यांत शेवटी, पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला एक पाय पुढं धरून, स्वामी उतरले. एवढं फुकटात बघायला मिळत असताना घरात बसून तूर निवडत राहील, इतकी कामसू बाई लातूरच्या त्या गल्लीत तरी नव्हती.

खाली झेरॉक्सचं दुकान, वर स्वामींचं घर, मध्ये लोखंडी अरुंद जिना. स्वामी भरल्या अंगाचे. नरसिंग दूधवाला, गल्लीच्या मागं त्याचा म्हशींचा गोठा; देवणी गाईचं वासरू खांद्यावर टाकावं तसं त्यानं स्वामींना उचललं खरं, पण अर्ध्या जिन्यात त्याचा दम संपला.

"स्वामी, एक सांगू का, राग धरू नका," तो धापा टाकत म्हणाला. "तुमच्यापरीस माझी म्हैस हलकी हाय."

"म्हशीला कधी जिना चढवलास का?"

"न्हाई. ती चढणारच न्हाई. तिला अक्कल हाय."

खालून हशा उठला. स्वामीही हसले असते, पण त्यांची नजर समोरच्या ओट्यावर गेली. तिथं गुरम्मा बसली होती, कपाळावर हात आडवा धरून, आणि ती स्वामींकडं बघत नव्हती, पायाकडं बघत होती. स्वामींनी लहान पोरासारखं तोंड नरसिंगच्या खांद्यात लपवलं आणि म्हणाले, "चल बाबा, चल लवकर."

आता हे स्वामी कोण आणि त्यांच्या पायाची एवढी चौकशी का, ते सांगायला हवं. विरूपाक्ष स्वामी म्हणजे जंगम. लिंगायत घरात बारसं असो, नवं घर असो, की कुणी गेलेलं असो, स्वामी आल्याशिवाय पान हलत नाही. आणि स्वामी आले की पहिलं काम पायाचं. परातीत त्यांचे पाय ठेवायचे, घरच्या बाईनं वरून पाणी घालायचं, भस्माची बोटं ओढायची, बेलाचं पान ठेवायचं आणि दोन्ही अंगठ्यांवरून उतरलेलं पाणी तीर्थ म्हणून ओंजळीत घ्यायचं. मिसरूड फुटल्यापासून स्वामींचे पाय असे घरोघरच्या परातींत फिरत आले. गल्लीतल्या कित्येक बायांना त्यांचा चेहरा डोळे मिटून आठवणार नाही, पण पाय विचारा, नखासकट सांगतील.

अशा माणसाच्या पायाचं ऑपरेशन. गल्लीला दुसरा विषय नको होता. कुणी म्हणालं, स्कूटीवरून पडले. कुणी म्हणालं, जावयानं नांदेडच्या घरात आरशासारखी फरशी घातलीय, तिच्यावर घसरले. झेरॉक्सवाल्याचं ठाम मत असं होतं, की रागाच्या भरात त्यांनी कपाटाला लाथ घातली. स्वामींनी स्वतः एकच हकीकत सांगितली होती: ठेच लागली, नख काढलं.

"नखासाठी नांदेड?" गल्ली म्हणाली. "लातुरात नखं काढत न्हाईत व्हय?"

लातुरात सगळं काढतात. पण लातुरातल्या दवाखान्यात जो कुणी भेटायला आला असता त्यानं चादर वर करून पाहिलं असतं. नांदेडात विष्णुपुरीकडं लेक अक्षरा राहते, तिथं ओळखीचं कुणी येत-जात नाही, म्हणून स्वामी तिकडं गेले. आणि तिथं त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा काढला. नख नाही, अख्खा अंगठा, मुळापासून.

तो का काढावा लागला, हे मात्र जगात एकट्या स्वामींना माहीत होतं.

समोरची गुरम्मा म्हणजे संगप्पा डाळवाल्याची आई. ऐंशीच्या पुढची, माहेर बिदरकडचं, बोलता बोलता मध्येच कानडी सांडणारी. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं सोमवार धरलेला होता: स्वामींच्या पायाचं तीर्थ घेतल्याशिवाय त्या दिवशी अन्नाचा कण तोंडात नाही. आधी विरूपाक्षांच्या वडिलांचं, मग विरूपाक्षांचं. पहिल्यांदा तिनं ह्यांचे पाय धुतले तेव्हा हे कोवळं पोरगं होतं. अंगठ्यावर पाणी पडलं की त्याला अशा गुदगुल्या होत, की ते परातीतून पाय काढून खिदळत सुटे. गुरम्मा पदर तोंडाला लावून हसे आणि तिचे सासरे दोघांकडं डोळे वटारून बघत.

हिवाळ्यात गुरम्मा पाणी कोमट करून आणायची. पोराच्या पायाला गार लागेल म्हणून ती रीत सुरू झाली आणि पोराचा म्हातारा झाला तरी चालू राहिली. स्वामीही दर वेळी पाय पुसून घेताना म्हणत, "आक्का, पाण्याची ऊब बरी वाटली." तेवढ्यावर म्हातारी खूश होऊन आठवडा काढायची.

दिवाळी झाल्यावर थंडी पडली, त्या सोमवारीही स्वामी तेच म्हणाले. त्या सोमवारी पातेलं गॅसवर जरा जास्त वेळ राहिलं होतं. परातीतून वाफा निघत होत्या. स्वामींनी त्या पाहिल्या, थंडीत वाफ दिसायचीच असं मनाशी म्हटलं आणि मंत्र पुढं चालू ठेवला. पायाला काही कळलंच नाही. त्यांच्या रक्तात साखर राहायला येऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तिनं पायांतली जाण हळूहळू कधी काढून नेली, त्याचा त्यांनी कधी नीट तपास केला नव्हता. मागं एकदा औशाच्या स्टँडवर पायातली चप्पल सुटून पडली होती आणि ते तसेच एसटीत चढून लातुरात आले होते. तेव्हासुद्धा त्यांनी घरी सांगितलं, की चप्पल चोरीला गेली.

दुसऱ्या दिवशी उजव्या अंगठ्यावर, पहिली धार पडली होती तिथं, फोड आला. त्यांनी त्याला चिंधी बांधली आणि धोतराचा काठ खाली ओढला. अंगठा काळा पडेपर्यंत तो काठ खालीच राहिला.

नांदेडच्या डॉक्टरांनी पाय हातात घेऊन विचारलं, "पाय भाजलाय. कशानं?" त्या खुर्चीत बसल्या बसल्या स्वामींना ती वाफ आठवली. आणि खरं सांगायचं तर अंगठ्याचं दुःख त्यांना नंतर झालं. आधी त्यांच्या डोळ्यांपुढं गुरम्मा आली. आपल्या पाण्यानं स्वामींचा अंगठा गेला हे तिला कळलं, तर ती तीर्थाचा तांब्या पुन्हा हातात धरणार नाही. आणि तीर्थ नाही तर अन्न नाही. आधी सोमवारचं जाईल, मग वार बघायचीही ती थांबेल. हट्टात तिच्यापुढं हात टेकलेले तीन पिढ्यांचे पुरुष त्या घरात होऊन गेले होते.

"गीझरच्या पाण्यानं," स्वामी म्हणाले.

गीझर बिचारा लातूरच्या बाथरूममध्ये भिंतीवर निमूट लटकलेला. त्याला काय ठाऊक, नांदेडात आपलं नाव निघालं म्हणून.

बोलून गेल्यावर स्वामींना वाटलं, बरं सुचलं. गीझरला ना उपास, ना सोमवार. पण रोज सकाळी त्या गीझरचं पाणी बादलीत काढून, "अहो, या आंघोळीला" म्हणून हाक मारायचं काम शिवकांताबाईंचं होतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून बाई एवढंच म्हणाल्या, "पाणी तर मीच काढून देत व्हते." त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. आणि ते फार वाईट होतं. कारण लग्न झाल्यापासून शिवकांताबाई नवऱ्याशी न भांडता सलग इतके दिवस कधी राहिलेल्या नव्हत्या. आता त्या चहा बशीत ओतून देत, बशी ओठांना लावत, आणि स्वामींनी जरा हूं केलं की डोळ्यांत पाणी आणत. स्वामींना वाटे, हिनं एकदा मला चांगलं फैलावर घ्यावं. पण ते मागावं कसं?

लातुरात आल्या आल्या बाईंनी गीझरची पिन काढली आणि त्याच्यावर उशीचा जुना अभ्रा चढवला, तोंड न दिसावं म्हणून. मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, लातूरच्या पाण्यानं कॉईलवर क्षाराचा थर चढलाय. ह्याचं पाणी धड कोमट व्हत न्हाई. भाजतंय कुठलं?" स्वामींनी खाटेवर डोळे घट्ट मिटून घेतले. बाईंनी दुरुस्तीवाल्याला खोटारडा ठरवून जिना दाखवला. शिक्षा मात्र स्वामींना झाली. ऐन मार्गशीर्षात त्यांचं अंग आता गार पाण्याच्या फडक्यानं पुसलं जाई. "मला आता ऊन पाण्याचं नाव नको," बाई म्हणत, आणि स्वामी दातांवर दात आपटत बसत, लिंगपूजेचा मंत्र कापऱ्या आवाजात म्हणत.

दिवस असे चालले होते. खाट खिडकीशी, उजवा पाय दोन उशांवर, वर चादरीचा तंबू. कुशीवर वळायचं तर बायकोला हाक, चष्मा खाली पडला तर हाक, लघवीचं भांडं तर विचारूच नका. मोठ्या कामासाठी प्लॅस्टिकची खुर्ची होती, मधोमध भोक पाडलेली. भोक नरसिंगनं पाडलं होतं, विळा तापवून, आणि ते अंमळ मोठंच पडलं होतं. "मापात पाडलं असतं," तो गल्लीत सांगे, "पण माप कोण घेऊ देतंय?"

भेटायला येणारे रोज असत. हातात बिस्किटाचा पुडा, तोंडात सल्ला. आणि आला तो सवयीनं वाकून पायाला हात लावायला जाई. वाकणारं डोकं दिसलं की स्वामी चादर घट्ट धरत. "डावा, डावा," ते घाईनं म्हणत, "डावा तेवढा बाहेर ठेवलाय, त्याच्यावर भागवा." ज्या पायांवर माणसं डोकं ठेवत आली, त्यांतला एक आता चोरीच्या मालासारखा चादरीखाली लपवून ठेवायचा. भरीला आणखी एक छळ होता. गेलेला अंगठा खाजत असे. असताना ज्याला उकळतं पाणी कळलं नाही, तो नसताना असा खाजे, की स्वामी उशीची कड दातात धरत. खाजवायचं कुठं? आणि सांगायचं कुणाला?

सोमवारचं काय करायचं, हा खरा प्रश्न होता. स्वामी नांदेडात असताना गुरम्मानं सोमवार नुसत्या चहावर काढले होते आणि एकदा तर ती ओट्यावरच घेरी येऊन पडली होती. संगप्पानं तसा फोनही केला होता. तिला जिना चढवेना, ह्यांना उतरवेना. म्हणून परतल्यावर पहिल्या सोमवारी शिवकांताबाईंनी डाव्या अंगठ्यावरून पाणी घातलं, दुधाच्या छोट्या किटलीत धरलं आणि किटली दोरीनं गॅलरीतून खाली सोडली. गुरम्मा खाली उभी होतीच.

"उजव्याचं का डाव्याचं?" तिनं खालून विचारलं.

खिडकीशी पडलेल्या स्वामींनी आवाज चढवला. "तीर्थाला उजवं-डावं असतंय का, आक्का?"

"दोन्हीचं असतंय. एवढी वर्षं दोन्हीचंच घेतलंय मी."

"बँडेज हाय."

"नखाला एवढं बँडेज?"

स्वामींनी चादर पायावर आणखी ओढली. खाली किटलीची कडी वाजली. म्हातारीनं घेतलं होतं. स्वामींनी सुटकेचा श्वास टाकला.

त्याच आठवड्यात नरसिंगनं स्वामींच्या पायाची पट्टी बदलायला येणाऱ्या ड्रेसिंगवाल्याला चौकात गाठलं. आधी चहा पाजला, मग भजी मागवली. भज्यांच्या दुसऱ्या बशीला अंगठ्याची गोष्ट बाहेर पडली. आता नरसिंग कितीही वात्रट असला तरी गल्लीत असं काही पसरवणारा नाही. त्यानं ते फक्त म्हशींना सांगितलं. पण धारा काढताना गोठ्याच्या दाराशी पाटावर बसून दूध मोजून घ्यायची सवय गुरम्माला होती, आणि म्हशींशी बोलताना नरसिंगचा आवाज काही लहान नसतो.

पुढच्या सोमवारी किटली खाली गेली, तेव्हा गुरम्मानं उजवं-डावं विचारलंच नाही. ते न विचारणं स्वामींच्या कानाला खुपलं. तेवढ्यात खालून दुसराच प्रश्न आला.

"शिवकांता, गीझरवाला कशाला आला व्हता गं परवा?"

स्वामींनी खाटेवरून हात हलवला. बायको गॅलरीत, पाठ इकडं. "अगं," ते म्हणाले. पण ते गॅलरीपर्यंत पोचलं नाही. उठून जायचं म्हटलं तर दारापर्यंतचं अंतर नांदेडाएवढं.

"काय सांगू आक्का," बाई गॅलरीच्या कठड्यावरून वाकून म्हणाल्या, आणि साठवून ठेवलेलं सगळं खाली ओतलं. "त्या मेल्या गीझरच्या पाण्यानं ह्यांचा पाय भाजला. मीच काढून देत व्हते पाणी. ह्यांला चटका कसा कळला न्हाई, देव जाणे."

खाली किटलीची कडी वाजायला त्या दिवशी फार वेळ लागला.

पुढचा सोमवार येळवसचा आला. येळवस म्हणजे वेळ अमावस्या; त्या दिवशी लातूर कसं ओस पडतं, ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. सकाळी जीपा, टेम्पो, मोटारसायकली भरून माणसं शेतात जातात, कडब्याच्या खोपीत पूजा करतात, पालेभाज्या आणि शेंगांची भज्जी भाकरीशी खातात, आंबील पितात आणि जे भेटेल त्याला बळंच जेवायला बसवतात. गल्लीत कुत्रं राहिलं नाही. संगप्पा बायकापोरांना घेऊन औशाकडच्या शेतात गेला. गुरम्मा म्हणाली, मला जीपचे हिसके सोसत न्हाईत, मी ऱ्हाते. स्वामी खाटेवर पडून रिकाम्या गल्लीचा आवाज ऐकत होते, आणि किटलीच्या वेळेची त्यांना भीती वाटत होती.

दुपारी नरसिंग शेतातून परत आला. म्हशींना अमावस्या नसते. येताना त्यानं घरी राहिलेल्यांसाठी डबा आणला होता. आणि थोड्या वेळानं जिना करकरला. शिवकांताबाईंनी दार उघडलं, तर दारात नरसिंग, त्याच्या पाठीवर गुरम्मा, तिच्या एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात बेलाची पानं. नरसिंगची मान आखडलेली होती आणि कॉलर ओली.

"आक्का, एवढा जिना चढून कशाला आलीस?" स्वामी म्हणाले. चादरीचा तंबू त्यांनी दोन्ही हातांनी खाली ओढला.

"मी कुठं चढले? हा चढला." ती खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर टेकली. चिमणीएवढी बाई, पण खोली भरल्यासारखी झाली. "पाय द्या."

स्वामींनी डावा पाय पुढं केला. तिनं उजव्याकडं पाहिलं नाही, विचारलं नाही. शिवकांताबाईंनी परात खाली धरली. गुरम्मानं भस्म लावलं, पान ठेवलं आणि तांब्या हळूहळू कलता केला. पाणी अंगठ्यावरून परातीत उतरत होतं आणि म्हातारीची नजर स्वामींच्या तोंडावर होती. त्या नजरेनं ते गोंधळले. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि तोंडानं आपल्या सवयीचं काम केलं.

"आक्का, पाण्याची ऊब बरी वाटली."

मग शिवकांताबाईंनी परातीखालचा एक हात काढून पदराला पुसला.

"अहो, ऊब कसली?" त्या म्हणाल्या. "बर्फ हाय नुसता. माझी बोटं बधिर झाली."

"रातभर ओट्यावर ठेवला व्हता तांब्या," गुरम्मा म्हणाली. "उघडा."

स्वामी परातीतल्या पाण्याकडं बघत राहिले.

"आधी तुमाला गुदगुल्या व्हायच्या," गुरम्मा म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "मग व्हायच्या थांबल्या. मला वाटलं, वय झालं, स्वामी गंभीर झाले. त्या सोमवारी वाफा निघत व्हत्या. माझी बोटं दोन दिस चुरचुरली. पण तुमी म्हणला ऊब बरी वाटली. म्हणलं, माझीच कातडी म्हातारी झाली."

"आक्का, ते गीझरनं..."

"गीझरला नका मधी घालू. खरं सांगा, मग तीर्थ घेते. न्हाईतर ही परात हितंच ऱ्हाईल, आन मी बी."

दुसरा कुणी असता तर उठून गॅलरीत गेला असता, चप्पल घालून आत्ता येतो म्हणाला असता. स्वामींना कूस बदलायची सोय नव्हती. त्यांनी नरसिंगकडं पाहिलं. नरसिंग छतावरचा बंद पंखा फार बारकाईनं तपासत होता. बायकोकडं पाहिलं, बायको परातीकडं बघत होती. एक पाय गुरम्माच्या हातात, दुसरा उशांवर. पळून जायचं तर नेणार काय?

"पाणी ऊन व्हतं," ते शेवटी म्हणाले. "पण पाण्यानं काही केलं न्हाई, आक्का. पाय आधीच मेला व्हता. जिता असता तर चटका बसला असता, मी वरडलो असतो, तू गार पाणी घातलं असतंस आन संपलं असतं. मला कळत न्हाई हे मी कुणाला कळूच दिलं न्हाई. चप्पल गेली तर चोरीला गेली म्हणलं. तुला ऊब बरी वाटली म्हणलं. कैक वर्षं नुसतं म्हणत व्हतो. तुला बरं वाटावं म्हणून."

गुरम्माचा हात त्यांच्या घोट्यावर होता. तो तिनं काढला नाही.

"म्हंजी त्यातलं एकबी खरं नव्हतं?" ती म्हणाली. "एवढ्या हिवाळ्यांतलं?"

अंगठा गेला ह्याचं उत्तर त्यांनी जुळवून ठेवलं होतं. हिवाळ्यांचं जुळवायचं राहून गेलं होतं. त्यांनी चादर सोडून दिली. तंबू एका बाजूला कलंडला आणि पट्ट्यांतला उजवा पाय बाहेर आला, एका बाजूनं आखूड, बोथट. गुरम्मानं तो पाहिला. पदराचं टोक तिनं तोंडाशी नेलं, पण हसायला नव्हे.

मग तिनं ओंजळ परातीत घातली. एकदा घेतलं, दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा घेताना पाणी मनगटावरून ओघळलं. शिवकांताबाई पुसायला पुढं झाल्या, तर ती म्हणाली, "साकु, साकु. पुरं झालं. भाकर वाढ."

नरसिंगनं डबा उघडला. थंड झालेली भज्जी, बाजरीची भाकरी. गुरम्मानं घास घेतला. तो तिच्या गळ्यातून खाली उतरेपर्यंत स्वामींनी श्वास घेतला नाही. मग दुसरा घास. दर घासागणिक ती त्या आखूड पायाकडं बघे, मग भाकरीकडं बघे, आणि चावत राही. जेवत होती. पण ते जेवण बघवत नव्हतं.

शिवकांताबाई परात घेऊन आत गेल्या होत्या. आतून कापड ओढल्याचा आवाज आला, पिन खोचल्याचा आणि खट्कन बटण दाबल्याचा. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात उशीचा अभ्रा होता आणि चेहरा असा होता, की नरसिंगनं मुकाट्यानं पंखा सोडून जिना गाठला.

"आन मी?" त्या म्हणाल्या. "मी एवढे दिस रोज मनात मरून राहिले, माझ्या हातानं नवरा भाजला म्हणून. आक्काला लागंल म्हणून तुमी गीझर पुढं केला. मला लागंल हे न्हाई सुचलं?"

"अगं, मला वाटलं..."

"तुमाला काय वाटतंय ते तुमालाच कळत न्हाई. ते तर आत्ता बघितलं सगळ्यांनी."

"बोल, बोल," गुरम्मा भाकरी मोडत म्हणाली. "सोडू नको."

आणि बाईंनी सोडलं नाही. नांदेडच्या बाकापासून साठलेलं सगळं बाहेर आलं. त्यात चप्पल आली, धोतराचा काठ आला, दुरुस्तीवाल्याला उगाच खोटारडा म्हटल्याचं आलं, मागच्या काही सालांतलंही थोडं आलं. स्वामी उताणे पडून ऐकत होते. नसलेला अंगठा खाजत होता. तो सांगायची ही वेळ नव्हती, एवढं त्यांना कळत होतं.

मग दोघी जणी त्यांच्या अंगावरून एकमेकींशीच बोलायला लागल्या. पाणी आधी कोपरानं बघायचं. दोघींनी बघायचं. पाय रोज उजेडात धरून बघायचा, दोन्ही, तळव्यासकट. ह्यांला विचारायचं न्हाई, विचारून उपयोग न्हाई. सोमवारी किटली खाली येईल ती डाव्याचीच, आणि चालेल. गार पाण्याची. स्वामींना कुणी मध्ये घेतलं नाही.

खाली नरसिंगचा आवाज ऐकू येत होता. गल्ली रिकामी असल्यानं त्याला सांगायला फक्त म्हशी होत्या, आणि तो त्यांना सगळं पहिल्यापासून सांगत होता.

शिवकांताबाईंनी बादली आणली. क्षार चढलेल्या त्या गीझरनं शक्य तेवढं केलं होतं. त्यांनी कोपर बुडवून पाहिलं, मग बादली गुरम्मापुढं सरकवली, मग गुरम्मानं कोपर बुडवलं आणि मान हलवली. बाईंनी फडकं पिळलं, स्वामींना दंडाला धरून बसतं केलं, सदरा वर केला आणि पाठ पुसायला घेतली.

पाठीला सगळं कळत होतं. मानेपासून कमरेपर्यंत ऊब उतरत गेली, थंडीनं आवळलेलं अंग सैल झालं. स्वामींनी तोंड उघडलं. दोघी जणी त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या.

त्यांनी तोंड मिटलं. आता ते कुणाला खरं वाटणार होतं?